दोनच बोटं जाणार

सर्जिकल वॉर्डात शिवलीलाच्या जिभेचं फार कौतुक होतं. बेंगळुरूतलं, हेब्बाळच्या बाजूचं ते खासगी हॉस्पिटल चार मजल्यांचं होतं तेव्हापासून ती तिथं नर्स आहे. आता ते नऊ मजल्यांचं झालं आणि तिच्या केसांत पांढरं आलं. डॉक्टर सगळे कन्नड-इंग्रजीवाले, फार तर हिंदी रेटणारे. आणि पेशंट यायचे निपाणी, चिकोडी, बिदर, भालकीचे, लेकाकडे नाहीतर जावयाकडे उतरलेले, मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत आपलं दुखणंसुद्धा सांगता न येणारे. मग कुठल्यातरी खाटेपासून हाक यायची, "शिवलीला अक्का, स्वल्प बन्नी," जरा इकडं या. अक्का जायची. डॉक्टर दोन मिनिटं बोलायचे, अक्का पाच मिनिटं बोलायची, पेशंट मान डोलवायचा. डॉक्टरांना वाटायचं, काय छान समजावते ही बाई. नेमकं काय समजावते हे तपासायला त्यांच्यापैकी मराठी येत होती कुणाला?

ही कला ती नर्सिंग कॉलेजात शिकली नव्हती. तिचे वडील गोकाककडचे, कन्नड. आई निपाणीची, विड्या वळणारी, मराठी. दोघांना एकमेकांची भाषा चांगली यायची, पण भांडण झालं की दोघं आपापल्या भाषेत शिरून बसायची. वडील बाहेर कट्ट्यावर, आई आत चुलीपाशी, आणि निरोप्या शिवलीला. वडील म्हणायचे, "सांग तिला, असली भाकरी म्हशीपुढं टाक." शिवलीला आत जाऊन सांगायची, "अण्णा म्हणतात, जरा पातळ थाप." आईचं उत्तर याहून तिखट असायचं, तेही बाहेर पोचेपर्यंत गोड व्हायचं. संध्याकाळपर्यंत भांडण मिटायचं. आठव्या वर्षी तिला उमगलं की ऐकलं तसं सांगणारं माणूस कुणाला नको असतं, सावरून घेणारं सगळ्यांना हवं असतं. या शहाणपणावर तिनं निम्मं आयुष्य काढलं.

मग गोजराबाई आली.

चिकोडीकडच्या एका खेड्यातली, पासष्टीची, अंगानं काटक, बाजारापुरती कन्नड येणारी. साखरेचा आजार जुना. शेतात पायाला काटा लागला, तिनं हळद दाबून भरली आणि महिनाभर कुणाला बोलली नाही. मुलगा देवाप्पा बेंगळुरूला एका टेक पार्कात लिफ्टच्या देखभालीला होता. त्यानं तिला आणलं तेव्हा दोन बोटं काळी पडली होती आणि पाऊल घोट्यापर्यंत सुजून चकाकत होतं. डॉक्टर विश्वेश्वरांनी पाय पाहिला, तपासण्या पाहिल्या आणि सांगितलं की गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. उद्याच. नाहीतर विष रक्तात जाईल आणि बाई हाती लागणार नाही.

डॉक्टरांनी हे देवाप्पाला कन्नडात सांगितलं. आईला सांगायला त्यांनी शिवलीलाला बोलावलं. ती निघाली तोच कॉरिडॉरमध्ये देवाप्पानं तिला गाठलं.

"अक्का, पाय जाणार म्हणून सांगू नका. तिला मी ओळखतो. पाय तोडणार म्हटलं की ती उठून गावाला जाईल. मरेल, पण कागदावर अंगठा देणार नाही. दोन बोटं जाणार म्हणा. बाकीचं मी नंतर बघून घेतो."

"असं कसं सांगू, देवाप्पा?"

"तुमची आई असती तर काय केलं असतं?"

हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. आपल्याकडं रीतच अशी आहे. वाईट बातमी सगळ्या घराला कळते, शेजारच्या खाटेला कळते, चहावाल्याला कळते. ज्याच्या अंगावर कोसळणार आहे त्याला मात्र 'काही नाही, बरं वाटेल' एवढंच सांगायचं. याला आपण माया म्हणतो. शिवलीलाही आजवर मायाच म्हणत आली होती. तरी त्या दिवशी हे चूक आहे, हे तिला त्याच क्षणी ठाऊक होतं. तिला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय तिनं पुढं स्वतःला कधी दिली नाही, आणि आपणही देऊ नये.

डॉक्टर खाटेपाशी उभे राहून बोलले. शिवलीला गोजराबाईच्या उशाशी बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, दोनच बोटं जाणार. पाऊल धुऊन साफ करतील. मग बरं वाटेल."

"दोनच न्हवं?" गोजराबाईनं विचारलं.

"दोनच."

गोजराबाईनं संमतीच्या कागदावर अंगठा दिला. त्याखाली छापील ओळ होती, 'रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितले आहे', आणि तिथं समजावणाऱ्याची सही लागते. शिवलीलानं सही केली. डॉक्टर "थँक्यू सिस्टर" म्हणून पुढच्या खाटेकडं गेले.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाईची गुंगी पुरती उतरली तेव्हा शिवलीला ड्यूटीवर होती. देवाप्पा 'नंतर बघून घेतो' म्हणाला होता, तो नेमका त्या वेळी कामावर होता. गोजराबाईनं पांघरुणाखाली हात घातला, चाचपत चाचपत खाली नेला. हात थांबला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. ती ओरडली नाही. रडलीही नाही. शिवलीला सलाईन बदलत होती, तिच्याकडं वळून गोजराबाई एवढंच म्हणाली, "माझा पाय कुटं हाय?"

सलाईन तसंच सोडून शिवलीला तिच्याकडं वळली.

"दोन बोटं म्हणालीस तू. डागदराचं मला कळत न्हवतं. तुझं कळत हुतं."

"मावशी, तुमचा जीव वाचावा म्हणून..."

"ते ऱ्हाऊ दे. पाय कुटं हाय? गावाकडं तोडलेला पाय मातीत घालत्यात. हळद लावून घालत्यात. माझा कुटं घातला?"

पाय कुठं गेला हे शिवलीलाला नीट माहीत होतं. तो पिवळ्या पिशवीत गेला होता, आणि पिशवी रोज सकाळच्या गाडीनं कचरा जाळायच्या कारखान्यात जाते. ती म्हणाली, "विचारून सांगते." आणि निघून गेली. चार दिवसांत दुसरं खोटं.

त्यानंतर गोजराबाई तिच्याशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाशी कसं वागायचं हे शिवलीलाला चांगलं ठाऊक होतं. पण गोजराबाई शांत होती. पाणी हवं असलं की ती वॉर्डातल्या एका मल्याळी नर्सला खुणा करायची. शिवलीला जवळ आली की डोळे मिटून घ्यायची. शिवलीलानं घरून ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी आणली, ती तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईकडं सरकवली. आणि एकदा शिवलीला पडद्यामागं असताना त्याच बाईला ती म्हणाली, "पोरगी चांगली हाय. हाताची हलकी हाय. पर तिला काय इचारू नका."

पडद्यामागं शिवलीला मेल्याहून मेल्यासारखी झाली. वीस-बावीस वर्षं जे ऐकून ती सुखावत होती, 'अक्कांना विचारा, अक्का सांगतील', त्याचं हे असं झालं.

तिला काही सुचेना. इंजेक्शन अर्धवट भरून तिनं ते दुसऱ्या नर्सकडं दिलं. मेट्रननं विचारलं, "बीपी बघितलंस का?" बीपी ठीक होतं. दोन दिवस तिनं बाह्यरुग्ण विभागात बदली मागून घेतली, मुद्दाम, त्या खाटेसमोरून जायला नको म्हणून. तिथं बसल्या बसल्या तिला जुनी माणसं आठवायला लागली. बिदरचे एक मास्तर होते. आतड्याचा कॅन्सर, चार-सहा आठवडे राहिलेत असं डॉक्टर म्हणाले होते. शिवलीलानं त्यांना सांगितलं होतं, 'औषध लागू पडलं की दिवाळीला घरी.' मास्तर वाट बघत राहिले. त्यांची एक बहीण होती, बोलणं तुटलेलं. दिवाळीला जाईन तेव्हा तिच्याकडं जाऊन येईन, असं ते म्हणायचे. ते दिवाळीच्या कितीतरी आधी गेले. शिवलीलाला तेव्हा वाटलं होतं, बिचारे आशेवर गेले, चांगलं झालं. आता वाटलं की त्या बहिणीची भेट आपण खाल्ली. असे आणखी कितीजण होते, आणि प्रत्येकाचा हात तिनं असाच हातात धरला होता.

नवरा मंजुनाथ चिकपेटेत साड्यांच्या ठोक दुकानात आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होतं असं. तू वाईट मनानं केलं नाहीस. सोडून दे." तो मायेनं म्हणाला, पण शिवलीलाला ऐकताना तो आपलाच आवाज वाटला. ती ताटावरून उठली.

ती डॉक्टर विश्वेश्वरांकडं गेली. ते वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांच्यामागं नेहमी पुढचं ऑपरेशन उभं असतं. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि कन्नडात म्हणाले की हे बरोबर झालं नाही, पण पाय जाणारच होता आणि बाई वाचली आहे, तेव्हा आता उगीच मनाला लावून घेऊ नका. पाय जाणारच होता, हे शिवलीलालाही माहीत होतं. खोटंही बोललं जाणारच होतं का, हे तिला विचारायचं होतं. पण डॉक्टर हात धुवायला गेले होते.

मग ती मुग्धाकडं गेली. मुग्धा पुण्याची, तिशीची, कामातल्या चुका नोंदवणाऱ्या क्वालिटी विभागात, तोंडात निम्मं इंग्रजी. शिवलीला तिला आजवर 'फायलीवाली पोर' म्हणून चिडवत आली होती. मुग्धानं लॅपटॉप बंद करून ऐकलं आणि म्हणाली, "अक्का, हे तुम्ही रिपोर्ट म्हणून लिहून द्याल? लिहिलं नाही तर ऑफिशियली काही झालंच नाही. पण एक सांगते, तुमच्या फाइलला लागेल. मेमो येईल."

"येऊ दे," शिवलीला म्हणाली, आणि पुढचे तीन दिवस तिनं तो कागद लिहिला नाही.

लिहायला बसली तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. पहिल्या कागदावर तिनं लिहिलं की 'मिसकम्युनिकेशन' झालं. किती सभ्य शब्द, जणू कुणी काही केलंच नाही, आपोआप घडलं. तिनं तो फाडला. दुसऱ्या कागदावर पहिलीच ओळ आली, 'नातेवाइकांच्या आग्रहावरून'. म्हणजे आधी देवाप्पाला पुढं करायचं आणि मग आपण त्याच्या पाठीमागून डोकावायचं. तोही फाडला. निरोपात साखर घालायची इतकी सवय की स्वतःचा निरोप स्वतःला देतानाही हात डब्याकडं जात होता. तिसऱ्या कागदावर तिनं लिहिलं: 'डॉक्टर काय म्हणाले ते मला समजले होते. मी पेशंटला खोटे सांगितले. तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा खोटे सांगितले आणि खाली सही केली.' एवढं लिहून तिला रडू कोसळलं. मग डोळे पुसून तिनं खाली आणखी लिहिलं, इथून पुढं काय करता येईल ते. भाषांतर झालं की पेशंटनं आपलं काय होणार आहे ते स्वतःच्या शब्दांत उलट सांगावं. ते शब्द तसेच कागदावर उतरवावेत. त्याला जमलं नाही तर अंगठा घेऊ नये. आणि नातेवाइकांनी मधे बोलू नये.

मेमो आला. मेट्रननं चार लोकांसमोर समज दिली, ती शिवलीलानं खाली मान घालून ऐकली. नियम मात्र लागू झाला, आधी तिच्या वॉर्डापुरता, तोही मुग्धानं तीन मीटिंगा भांडून. सगळ्यांना तो आवडला असं मुळीच नाही. डॉक्टर घड्याळ बघायचे. नातेवाईक डोळे वटारायचे. एक जावई तर तिला म्हणाला, तुम्हाला मन आहे की नाही? मन होतं, आणि ते भीतीनं भरलेलं होतं. पण आता काम थांबत नव्हतं. ती विचारायची, "आता तुम्ही सांगा, काय करणार आहेत?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. निम्म्या वेळा उत्तर भलतंच यायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

गोजराबाईच्या खाटेकडं मात्र तिला जायचं धाडस झालं नव्हतं. ज्या बाईपायी हे सगळं झालं तिच्यापासून ती चार हात लांबच होती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पट्टी सोडली तेव्हा उरलेल्या पायाची कातडी काळी पडलेली निघाली. रक्त पोचत नव्हतं. डॉक्टर विश्वेश्वर म्हणाले, मांडीतून काढावा लागेल, गुडघ्यासकट. या वेळी धोका जास्त होता, कारण बाईचं हृदय थकलं होतं. शिवलीलानं मुग्धाला पुढं केलं. मुग्धा बसली आणि म्हणाली, "आजी, इन्फेक्शन वर स्प्रेड होतंय, सर्क्युलेशन नाहीये." गोजराबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हिचं बी काय कळंना. त्या निपाणीवानी बोलणाऱ्या बाईला बोलवा."

शिवलीला निघाली तर कॉरिडॉरमध्ये देवाप्पा. तीच जागा, तोच चेहरा, फक्त जास्त ओढलेला.

"अक्का, या वेळी तरी सांगू नका. पट्टी बदलायला नेतात म्हणा. एक पाय गेल्यापासून ती जेवत नाही धड. गुडघा पण जाणार कळलं तर नाहीच म्हणेल."

"म्हणू दे."

"आई मेली तर?"

तो म्हणत होता ते खरं होण्यासारखं होतं. खरं बोलल्यामुळं बाई मेली तर ते ओझं खोट्यापेक्षा हलकं असेल, याची काय खात्री? पण ती म्हणाली, "तूही आत ये. बस. मधे बोलू नकोस."

गोजराबाईनं या वेळी डोळे मिटले नाहीत. शिवलीलानं तिचा हात धरला नाही. तो हक्क आपला राहिला नाही, असं तिला वाटलं. डॉक्टर पायथ्याशी उभे होते. देवाप्पा स्टुलावर बसून जमिनीकडं बघत होता.

"मावशी, आधी माझं ऐका. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. पाय जाणार हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत, तरी मी दोन बोटं सांगितली. आणि तुमचा पाय मातीत गेला नाही. इथं तसले सगळे भाग जाळायला जातात, तसा तो गेला. तेही मला माहीत होतं. विचारून सांगते म्हणाले, तेही खोटंच."

गोजराबाईनं पांघरूण गुडघ्यावर ओढून घेतलं.

मग शिवलीलानं पुढचं सांगितलं. मांडीतून कापणार. गुडघा राहणार नाही. भूल सोसेल की नाही सांगता येत नाही. नाही कापलं तर काय होईल तेही सांगितलं, आठवडा-पंधरवड्याच्या हिशेबात, काही न गाळता. प्रत्येक वाक्याला तिच्या जिभेवर दुसरं, मऊ वाक्य तयार व्हायचं, आणि ते गिळून ती खरं बोलायची. शेवटी ती म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा, काय कळलं."

गोजराबाई छताकडं बघत सावकाश बोलली. "म्हंजे आता गुडघाबी जाणार. मांडीतनं कापणार. कापताना मी जाईन, न्हाईतर ऱ्हाईन. न्हाई कापलं तर ही घाण वर चढंल आन् पंधरा दिसांत मी जाणारच. असंच न्हवं?"

"असंच."

"आन् या बारीचा तुकडा? त्योबी जाळणार?"

"विचारते," शिवलीला म्हणाली आणि तिथंच, तिच्यासमोर, डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी थोडा विचार केला. लेखी अर्ज दिला तर नातेवाइकांच्या ताब्यात देता येईल, असं म्हणाले. शिवलीलानं ते सांगितलं. "देवाप्पानं अर्ज द्यायचा. मग तो स्मशानात नेऊन पुरू शकतो."

गोजराबाईनं मान वळवून लेकाकडं पाहिलं. "हळद आन," ती त्याला म्हणाली. मग शिवलीलापुढं हात केला. "आन तो कागद."

शिवलीलानं कागदावर उतरवलेले तिचे शब्द तिला वाचून दाखवले आणि शाईचं पॅड पुढं धरलं. गोजराबाईनं अंगठा टेकवला, चांगला दाबून. शिवलीला कापसानं तिचा अंगठा पुसत होती, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मागल्या खेपंलाबी दिलाच असता की मी. पाच एकर एकटीनं केलंय. पाय गेला तर गेला, जगायचं हाय म्हणूनच आली हुती. तुमी इचारलंच न्हाई."

शिवलीलाचा हात थांबला. देवाप्पानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय म्हणाल्या?" डॉक्टर विश्वेश्वरांनी विचारलं.

शिवलीलानं मान वर केली आणि एकही शब्द न गाळता, देवाप्पासमोर, त्यांना ते कन्नडात सांगितलं.